येऊ दे... येऊ दे...

आधीच सांगतो. ही गोष्ट खरी आहे आणि ती माझ्यासोबत घडलेली आहे.

या पेजवरच्या गोष्टी मी रोज जेवताना वाचतो. निम्म्या थापा असतात, हे मलाही कळतं. अमावस्या, बाराचे ठोके, पांढरी साडी... मला हसू येतं. त्यामुळे माझी गोष्ट तुम्हाला कदाचित पटणार नाही, कारण हिच्यात रात्रच नाही.

गेल्या वर्षीचा पितृपक्ष. गुरुवार. दुपारचे सव्वातीन.

जागा, दिंडोरी तालुक्यातलं एक गाव. नाव लिहीत नाही, कारण ती माणसं अजून तिथेच राहतात. माणसांची नावंही बदलली आहेत. फक्त एक नाव मुद्दाम तसंच ठेवलं आहे. का, ते शेवटी सांगतो.

माझं दिंडोरी रोडला छोटं गॅरेज आहे. आधी मी अंबडला एका कंपनीत फिटर होतो. माझा आतेभाऊ गोरक्षही तिथेच होता. कंपनीने आमचं खातं बंद केलं आणि आम्ही दोघं बाहेर पडलो. तेव्हापासून जुने ट्रॅक्टर दुरुस्त करतो. नवीन ट्रॅक्टर कंपनीवाले बघतात. चाळीस-पन्नास वर्षांची खोडं आमच्याकडे येतात.

गोरक्ष माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. हात सोन्याचा, पण तोंड बंद राहत नाही. सारखी बडबड, नाहीतर गाणी. गप्प बसतो तो एकाच वेळी, छोटा टॉर्च दातात धरून काम करताना. मी त्याला कितीदा सांगितलं असेल, "अरे, पट्टा घे डोक्याला बांधायचा. दात पडतील एक दिवस." तर म्हणतो, "पडू दे दादा, तुझे घालीन."

तर निवृत्ती आबांचा फोन आला. वय सत्तरच्या पुढे, चार एकर द्राक्षबाग. त्यांच्याकडे एक लाल ट्रॅक्टर होता, चौऱ्याहत्तर सालचा. अकरा वर्षं शेडमध्ये उभा. त्र्यंबक रोडवरच्या एका रिसॉर्टवाल्याला तो हवा होता, पाहुण्यांना बसवून फिरवायला. पण चालू स्थितीत पाहिजे. इंजिन सुरू झालं होतं. क्लच मात्र जाम.

आबा फोनवर म्हणाले, "क्लच नवीन टाकायचा मिस्तरी. पण एक हाय. इथंच येऊन करायचं. वाड्याबाहेर नाय न्यायचा."

मी म्हटलं, "शेडमध्ये करू आबा. त्यात काय."

जुन्या ट्रॅक्टरला खाली चेसी नसते. पुढे इंजिन, मागे गिअरबॉक्स, दोन्ही एकमेकांना बोल्टांनी जोडलेले. क्लच बरोबर दोघांच्या मधे. म्हणजे क्लच बदलायचा तर अख्खा ट्रॅक्टर मधून दोन तुकडे करायचा, क्लच टाकायचा आणि पुन्हा जोडायचा. दोन माणसांचं, दिवसभराचं काम.

सकाळी नऊला पोचलो. अवजारं पिकअपमध्ये होती, म्हणून गाडी मागे घेत शेडपर्यंत न्यायची होती. गोरक्ष उतरून मागे गेला आणि त्याच्या नेहमीच्या सुरात ओरडू लागला.

"येऊ दे दादा... येऊ दे... येऊ दे..."

आपण सगळेच म्हणतो. गाडी मागे घेताना दुसरं काय म्हणणार?

पण अंगणात एकदम सगळं थांबलं.

ओट्यावर शेंगा निवडणाऱ्या बाईच्या हातातलं सूप खाली पडलं. बागेत छाटणी करणारे मजूर कैच्या थांबवून आमच्याकडे बघायला लागले. आणि आबा, सत्तरीचा माणूस, धोतर सावरत पळत आले.

"ते म्हणू नका! ते नाय म्हणायचं इथं!"

"काय नाही म्हणायचं?"

आबांनी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी वाजवून दाखवली. "गाडी मागं घेताना इथं शिट्टी मारत्यात. थांबायचं असलं की दोन."

गोरक्षने माझ्याकडे बघून डोळा मारला. मला राग आला होता. मी लोकांच्या घरच्या नियमांना नाही म्हणत नाही, पण कारण तरी सांगा ना. पुढे गाडी शिट्टीवरच लावली.

कारण मला दहा मिनिटांनी कळलं. ज्यांच्या हातातलं सूप पडलं होतं, त्या सुलाबाई, आबांच्या मालकीण. त्या चहा घेऊन आल्या. आबा पाण्याची मोटर बंद करायला गेले होते. तेवढ्यात त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात बोलल्या.

"भाऊ, एक काम हाय तुमच्याकडं."

"बोला मावशी."

"ह्या ट्रॅक्टरखाली माझा रविराज गेला. थोरला. अकरा वर्षं झाली."

मी कप खाली ठेवला.

त्यांनी सांगितलं ते असं. आबा ट्रॅक्टर मागे घेत होते, ट्रॉली जोडायला. रविराज ट्रॉलीचा दांडा धरून मागे उभा होता. ट्रॅक्टर थांबलाच नाही. तो ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे सापडला. वय सव्वीस. तेव्हापासून आबा तो शब्द वाड्यात कुणालाच म्हणू देत नव्हते.

"हे म्हणले, क्लच दाबला पण सुटला नाय. सगळ्यांनी तेच धरलं. पोलिसांनीबी तेच लिहिलं." त्या ट्रॅक्टरकडे बघत होत्या. "आता तुम्ही उघडणार. आतलं तुम्हाला दिसल. मला फक्त येवढं सांगा, क्लच खराब व्हता का नव्हता. खरं सांगा. मी काय करणार नाय, कुणाला बोलणार नाय. पण मला कळू द्या."

मी हो म्हणालो. आता वाटतं, तिथेच नाही म्हणून निघायला हवं होतं.

कामाला लागलो. बॉनेट काढलं, वायरी सोडल्या, स्टिअरिंगचा रॉड सोडला. पुढच्या ॲक्सलमध्ये लाकडी पाचरी ठोकल्या, म्हणजे इंजिन कलंडत नाही. गिअरबॉक्सखाली घोडी, म्हणजे लोखंडी टेकू, लावली. गोरक्षची गाणी चालूच होती.

अकराच्या सुमारास मी बोल्ट सैल करत होतो...

ठक. ठक. ठक.

मागच्या मडगार्डवर. हाताने पत्रा वाजवावा तसं.

"गोरक्ष, टाइमपास नको."

"मी काय केलं?" तो माझ्या शेजारीच होता. पान्याला पाइप लावत होता.

मी मागे जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. पत्रा तापला की वाजतो, असं स्वतःलाच सांगितलं. आभाळ आलेलं होतं आणि शेडमध्ये गारवा होता. पण मी तेच सांगितलं.

साडेबाराला ट्रॅक्टर फुटला. म्हणजे दोन भाग वेगळे झाले. पुढचा भाग चाकांवर ओढून हातभर पुढे घेतला. अकरा वर्षं कोंडलेला वास बाहेर आला. क्लच प्लेट गंजाने चिकटली होती. ती मी ठोकून काढली, पुसली आणि उजेडात धरली.



प्लेट जवळपास नवी होती.

तुम्ही या धंद्यातले नसाल, म्हणून साध्या शब्दांत सांगतो. अस्तर जाड, झिजलेलं नाही. स्प्रिंगा सगळ्या जागेवर. प्लेट वाकलेली नाही. बेअरिंग मोकळं. गंज होता, पण तो उभं राहिल्याचा गंज, अकरा वर्षांच्या पावसाळी हवेचा. रोज चालणाऱ्या ट्रॅक्टरचा क्लच असा चिकटत नाही. अपघाताच्या दिवशी या क्लचला काहीही झालेलं नव्हतं.

म्हणजे आबा खोटं बोलले होते.

गोरक्षनेही पाहिलं. त्याची बडबड थांबली. "दादा, म्हातारीला सांगणार?"

"सांगणार."

"आबा मरतील रे."

"पोरगं मेलं ना आधी! आणि बाईला अकरा वर्षं गंडवलं!" मी जवळजवळ ओरडलोच. मला खरंच संताप आला होता. पाय वेळेवर पडला नाही, चूक झाली, असं सांगायचं ना. माणसाच्या हातून होतं. पण स्वतःच्या बायकोला खोटं?

दुपारी सुलाबाई भाकरी घेऊन आल्या. काही विचारलं नाही. फक्त माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. माझ्याच्याने एकदम बोलवेना. आबा समोरच बसले होते.

"जोडून झालं की सांगतो मावशी," मी म्हणालो.

आबांनी मान वर केली नाही. पण त्यांच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

तीनच्या सुमारास नवीन प्लेट बसवून झाली. आता जोडायचं. यात अवघड काम एकच. गिअरबॉक्समधून एक दातेरी शाफ्ट बाहेर आलेला असतो, तो क्लच प्लेटच्या बरोबर मधल्या भोकात गेला पाहिजे. गोरक्ष फटीजवळ उकिडवा बसून बघणार. मी समोर, नाकाकडे. चाकाखाली पहार घालून पुढचा भाग इंच इंच मागे ढकलणार. मला फटीतलं काही दिसत नाही. मधे अख्खं इंजिन. मी फक्त ऐकायचं. तो म्हणेल तेव्हा ढकलायचं, तो म्हणेल तेव्हा थांबायचं.

शिट्टीवर हे काम होत नाही. एका हातात टॉर्च, दुसरा ग्रीसने भरलेला, शिट्टी कशी वाजवणार? आबा बागेत गेले होते. गोरक्ष म्हणाला, "हळू आवाजात म्हणतो दादा. कुणाला ऐकू जायचं नाही."

मीही म्हटलं, चालेल.

"येऊ दे दादा... येऊ दे... बास."

फट वीतभर राहिली. मग चार बोटं.

"थांब दादा. बेअरिंगची क्लिप निसटली. घालतो."

"घाल."

मी पहार चाकाखाली तशीच रोवून उभा राहिलो. दोन मिनिटं गेली. तीन.

सगळं एकदम शांत झालं. बागेतल्या कैच्यांचा आवाज नाही. ओट्यावरचा रेडिओ नाही. माझ्याच श्वासाचा आवाज येत होता.

आणि मग...

ठक. ठक. ठक.

मागचं मडगार्ड. या वेळी जोरात.

ठकठकठकठक...

घाईने. कुणीतरी जिवाच्या आकांताने पत्रा बडवावा तसं.

मी मान वळवणार, एवढ्यात फटीकडून आवाज आला. स्वच्छ. गोरक्षचा. तोच नेहमीचा सूर, तोच हेल.

"येऊ दे दादा... येऊ दे..."

मी पहारेवर जोर दिला.

"येऊ दे... येऊ दे..."

मी अजून जोर दिला.

मग जो आवाज आला, तो मी लिहू शकत नाही. तो शब्दच नव्हता. घशातून निघालेला, दाबलेला आवाज. मी पहार सोडली आणि धावत फटीकडे गेलो.

गोरक्षचा डावा हात दोन लोखंडांच्या मधे होता.

आणि टॉर्च त्याच्या दातात होता.

दातात घट्ट धरलेला. वेदनेने जबडा आवळला होता, टॉर्च सुटत नव्हता. त्याचा उजेड माझ्या डोळ्यांवर पडत होता. तोंडात टॉर्च धरलेला माणूस "येऊ दे दादा" म्हणू शकत नाही. तुम्ही करून बघा. जमत नाही.

पुढचं तुकड्या-तुकड्यांत आठवतं. पुढचा भाग मी एकट्याने कसा ओढला, माहीत नाही. आबा धावत आले. सुलाबाईंनी पदर फाडून हात बांधला. पिकअपमध्ये गोरक्ष मला टेकून बसला होता, गाडी आबांचा पुतण्या चालवत होता. पंचवटीतल्या हॉस्पिटलपर्यंत त्याने एकदाच तोंड उघडलं.

"मी आवाज दिला नव्हता दादा. का ढकललंस?"

आणि मी म्हणालो,

"पहार घसरली रे."

कसं आलं ते तोंडातून, मला कळलं नाही. विचार न करताच आलं. खरं सांगायचं तर काय सांगणार होतो? तूच म्हणालास, म्हणून? हात त्याचा चेंगरलेला, आणि मी त्यालाच म्हणू की तूच सांगितलंस?

मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं. दोन्ही मधल्या पेरापासून गेली.

तीन दिवसांनी मी अवजारं आणायला गेलो. एकटाच. सकाळचे अकरा. ट्रॅक्टर तसाच दोन तुकड्यांत उभा होता. आबा समोर पाटावर बसलेले. मला वाटतं तीन दिवस तिथेच बसले होते. दाढी वाढलेली.

"पोरगं कसं हाय?"

"ठीक आहे. दोन बोटं गेली."

"पहार घसरली म्हणे."

"हो."

आबांनी बोट दाखवलं. मी पाहिलं. पहार अजून चाकाखाली होती. टोक जमिनीत रुतलेलं, मी रोवलं होतं तिथेच. तसूभरही घसरलेली नव्हती.



"मिस्तरी," आबा म्हणाले, अगदी हळू. "तुलाबी म्हणाला का?"

माझी मान हलली असावी.

आबांचा चेहरा... मला वाटलं होतं ते घाबरतील. पण ते रडायला लागले. म्हातारा माणूस रडताना मी पाहिलेला आहे, पण असा नाही. सुटका झाल्यासारखा.

"मी क्लच दाबलाच नाय रे. दाबणार कशाला? तो येऊ दे म्हणत व्हता. माझा रविराज. आबा, येऊ दे... येऊ दे... मला काय माहीत, ट्रॅक्टर कवाच ट्रॉलीला टेकला व्हता. मी आपला घेत ऱ्हायलो. तो चेंगरल्यावरबी मला ऐकू येत व्हतं. येऊ दे आबा, येऊ दे... खाली उतरलो तवा थांबलं."

"मग क्लचचं का सांगितलंत?"

"काय सांगू? पोरानंच सांगितलं म्हणून मी पोराला मारला? मेलेल्या पोरावर ढकलू? आन् ऐकणार कोण?"

तीन दिवसांपूर्वी मी या माणसावर संतापलो होतो. आता माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं. पहार घसरली रे.

मागे बांगड्या वाजल्या. सुलाबाई शेडच्या खांबाला धरून उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या, माहीत नाही.

मला वाटलं आता ही बाई फुटणार. अकरा वर्षांचं सगळं बाहेर येणार. मी मधे पडायला तयार झालो. पण त्या चालत आल्या आणि आबांच्या समोर जमिनीवर बसल्या.

"परत सांगा," त्या म्हणाल्या. "काय म्हणत व्हता तो?"

"येऊ दे आबा."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं. इंजिनच्या वर ऐकू येत व्हतं मला."

 सुलाबाईंनी आबांचा हात धरला.

"अहो, रविराजचा घसा बसला व्हता."

आबा त्यांच्याकडे बघत राहिले.

"तुम्ही दोन दिस बाजार समितीत व्हता, पिंपळगावला. त्या सकाळीच आलात आन् सरळ ट्रॅक्टरवर बसलात. त्याला दोन दिसांपसून आवाजच नव्हता. मी गुळण्यांना मिठाचं पाणी करून देत व्हते. मला पाणी मागायचं तरी वाटी वाजवायचा. त्याच्यानं हाक मारवत नव्हती. त्यो कसा येऊ दे म्हणल?"



 "मडगार्ड..." आबा म्हणाले. "मडगार्ड वाजत व्हतं गं. सारखं. ठक ठक ठक ठक. मला वाटलं साखळी वाजती..."

 मी घोडीला धरून खाली बसलो. सव्वातीनला मागचं मडगार्ड वाजलं होतं, घाईने. रविराज मला थांबवत होता. दुसऱ्याच्या पोराचा हात वाचवत होता. आणि मी मान वळवण्याआधी दुसरं काहीतरी बोललं होतं.

"मला आधी का नाय सांगितलंस घशाचं?" आबा विचारत होते. लहान मुलासारखे. "अकरा वर्षं गं..."

"तुम्ही आवाजाचं नावच काढलं नाय," सुलाबाई म्हणाल्या. "तुम्ही क्लच म्हणलात."

मी तिथून निघालो. अवजारं पिकअपमध्ये कशीबशी टाकली.  ती दोघं तशीच समोरासमोर बसलेली होती, मधे ट्रॅक्टरचे दोन तुकडे.

गाडी सुरू केली. वळवायला थोडी मागे घ्यायची होती. रिव्हर्स टाकला. काच उघडी होती.

ठक. ठक.

पिकअपच्या मागच्या फाळक्यावर.

मी ब्रेक दाबला. आरशात बघितलं. मागे कुणी नव्हतं. रिकामं अंगण. आणि मग उजव्या कानाजवळ...

"येऊ दे दादा..."

गोरक्ष तेव्हा पंचवटीत कॉटवर झोपला होता. नंतर मी त्याच्या बायकोला विचारून खात्री केली. सव्वाअकराला तो गोळ्या घेऊन झोपलेला होता.

मी मागे गेलो नाही. पहिला गिअर टाकला आणि समोरच्या मेथीच्या वाफ्यातून गाडी घालून रस्त्याला लागलो. मेथीचे पैसे नंतर पाठवले, तर आबांनी परत केले.

ट्रॅक्टर अजून तसाच आहे. रिसॉर्टवाल्याला त्यांनी नाही सांगितलं. जोडायलाही कुणाला बोलावलेलं नाही. सुलाबाईंचा सर्वपित्रीला फोन आला होता. म्हणाल्या, कावळ्याला पान ठेवतो, तसं आता रोज एक वाटी पाणी मडगार्डवर ठेवते. कधीकधी वाटी वाजते. मला भीती नाय वाटत भाऊ, म्हणाल्या. भीती दुसऱ्याची वाटती.

ते दुसरं काय आहे, मला माहीत नाही. गावात कुणाला विचारलं नाही. ते त्या ट्रॅक्टरमध्ये आहे, की त्या जागेत, की आपण म्हणतो त्या शब्दात, तेही माहीत नाही. मी इतकंच करतो. गाडी मागे घ्यायची असली की काच वर करतो, उतरतो, स्वतः मागे जाऊन बघतो. दहा वेळा उतरावं लागलं तरी उतरतो. लोक हसतात. हसू देत.

गोरक्ष पुन्हा कामाला यायला लागला आहे. तीन बोटांनी पाना धरतो. गाणी पुन्हा सुरू झाली आहेत. मला एका शब्दाने बोललेला नाही. उलट परवा गिऱ्हाइकाला सांगत होता, "दादाची काही चूक नाही, पहार घसरली." मी आत जाऊन उगीच नळ सुरू केला.

वर्ष होत आलं. रोज ठरवतो, आज सांगायचं. रोज राहतं. आणि आबांची अकरा वर्षं डोळ्यांसमोर येतात.

तो हे पेज वाचतो. त्यानेच मला दाखवलं होतं. म्हणून त्याचं नाव बदललेलं नाही.

गोरक्ष, पहार घसरली नव्हती.

तुझा आवाज आला, येऊ दे दादा. मी ढकललं.

आणि वाचून झालं की मला फोन करू नकोस. घरी ये. समोर बसून बोल. फोनवर तुझा आवाज आला, तर तो तूच आहेस हे मी कशावरून ओळखू?